होज, नळी आणि खारी हवा

जुन्या कॅम्पर व्हॅनच्या इंजिनाखाली ओल दिसू लागली की नजर प्रथम रबराच्या होजवर जाते, होज बदलला जातो, आणि काही आठवड्यांत त्याच जागी पुन्हा थेंब जमू लागतात. कारण अशा गळतीत रबराचा दोष पुष्कळदा दुय्यम असतो आणि मूळ बिघाड रबराच्या आत, ज्या धातूच्या तोंडावर होज चढवलेला असतो त्या तोंडाच्या पृष्ठभागावर झालेला असतो. हे कोणत्याही हवामानात खरे आहे, तथापि समुद्रकाठी ते अधिक लवकर आणि अधिक तीव्रतेने प्रत्ययाला येते. रत्नागिरी तालुक्यात शास्त्री नदीच्या मुखाशी वसलेले जयगड हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे ठिकाण आहे. तेथे एका बाजूला खाडी व बंदर, दुसऱ्या बाजूला खुला समुद्र, वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस, जांभ्या दगडाची लाल धूळ आणि देशावर परतायचे तर चढावाच लागणारा सह्याद्रीचा घाट, असे इंजिनाच्या शीतकरणाला जाचक ठरणारे सगळे घटक एकत्र येतात.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारल्यानंतर झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्यांचा बोलबाला वाढला असला, तरी अशा गाड्या महाराष्ट्रात त्याआधीपासून होत्या, आणि त्यांपैकी अनेक जुन्या प्रवासी व्हॅनवर घरगुती फेरफार करून तयार झालेल्या होत्या. त्या फेरफारांसाठी सर्वांत हाताशी असलेली गाडी म्हणजे पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीची. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीने आधी मॅटाडोर आणि पुढे १९८७ मध्ये ट्रॅव्हलर ही व्हॅन बाजारात आणली. ट्रॅव्हलरचा आराखडा मर्सिडीज-बेंझच्या टी१ या व्हॅनवर आधारलेला होता, आणि २००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाल्यावरही ही गाडी लोकांच्या बोलण्यात ‘टेम्पो ट्रॅव्हलर’च राहिली. या घराण्यातील गाड्यांत मर्सिडीजच्या ओएम ६१६ या आराखड्याचे, सुमारे २.४ लिटर क्षमतेचे, चार सिलिंडरचे डिझेल इंजिन दीर्घकाळ बसवले गेले. हे इंजिन दणकट आहे आणि त्याच्या बांधणीत बिडाचा सढळ वापर आहे. त्यामुळे इंजिन शाबूत आणि त्याच्याभोवतीच्या नळ्या मात्र जीर्ण, असे दृश्य जुन्या व्हॅनमध्ये वारंवार आढळते.

दुरुस्तीकडे वळण्यापूर्वी पाण्याचा मार्ग समजून घेणे आवश्यक आहे. डिझेल जळून निर्माण होणाऱ्या ऊर्जेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा गाडी ओढण्याच्या कामी येतो, तेवढाच हिस्सा धुराबरोबर सायलेन्सरमधून बाहेर जातो आणि उरलेल्या उष्णतेचा मोठा भाग शीतकाला, म्हणजे गॅरेजच्या भाषेत कूलंटला, वाहून न्यावा लागतो. पट्ट्यावर फिरणारा वॉटर पंप हे शीतक सिलिंडरांभोवतीच्या पोकळ्यांतून ढकलतो. तेथून ते थर्मोस्टॅटपाशी येते. थर्मोस्टॅट ही मेणाच्या प्रसरणावर चालणारी झडप असून शीतक साधारण ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की ती उघडू लागते, आणि तोपर्यंत शीतक रेडिएटरकडे न जाता आडवाटेच्या आखूड नळीतून, म्हणजे बायपासमधून, इंजिनातच फिरत राहते. झडप उघडल्यावर वरच्या जाड होजमधून ते रेडिएटरमध्ये जाते, बारीक नळ्यांतून उतरताना हवेला उष्णता देते आणि खालच्या होजमधून पंपाकडे परतते. खालच्या होजवर पंपाचे शोषण असते, म्हणून काही गाड्यांत तो आत दबून चपटा होऊ नये यासाठी त्यात तारेची स्प्रिंग घातलेली असते. होज बदलताना ही गंजकी स्प्रिंग फेकून दिली आणि नवी घातली नाही, तर उभ्या गाडीत सर्व ठीक भासते, मात्र चढावर इंजिनाचे फेरे वाढताच होज मिटतो आणि गाडी तापते.

या मुख्य वाटेखेरीज हीटरच्या दोन बारीक वाटा असतात, आणि कॅम्परमध्ये त्यांना विशेष महत्त्व येते. थंड प्रदेशांतील कॅम्परमध्ये याच वाटांवर लांब नळ्या जोडून मागच्या कप्प्यात दुसरा हीटर किंवा अंघोळीच्या पाण्याची टाकी तापवण्याची सोय केलेली असते. नळ्यांच्या लांबीचे टोकाचे उदाहरण म्हणजे युरोपात कॅम्पर म्हणून अत्यंत लोकप्रिय झालेली फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टरची तिसरी पिढी: तिचे इंजिन मागे आणि पाण्याने थंड होणाऱ्या प्रकारांत रेडिएटर पुढे असल्यामुळे गाडीच्या पोटाखालून पुढून मागे दोन मोठ्या नळ्या जातात, ज्या सुरुवातीच्या गाड्यांत पोलादी आणि पुढच्या गाड्यांत प्लास्टिकच्या होत्या, आणि एवढ्या लांब मार्गामुळे शीतकाचे प्रमाण १५ लिटरच्या पुढे जाते. अशा गाडीत रस्त्यावरचा चिखल, खडे आणि पाणी या नळ्यांवर सतत मारा करतात. ट्रॅव्हलरसारख्या पुढे इंजिन असलेल्या व्हॅनमध्ये ही मुख्य अडचण नाही, तथापि मागच्या कप्प्यासाठी नंतर ओढलेल्या नळ्या असतील तर त्यांनाही हेच सोसावे लागते.

कोकणात हीटर निरुपयोगी मानला जातो, आणि तो गळू लागला की बंद करून टाकण्याची रीत आहे. ते करताना होजच्या तोंडात बोल्ट ठोकून वर क्लिप आवळण्यापेक्षा जाणारी व येणारी वाट योग्य मापाच्या नळीने परस्परांना जोडणे अधिक सुरक्षित असते, कारण काही इंजिनांत हीटरची वाटच बायपासचे काम करते आणि ती अडवली तर थर्मोस्टॅटपर्यंत गरम शीतक वेळेवर पोचत नाही. याच्याच जोडीला ‘गरम प्रदेशात थर्मोस्टॅट कशाला’ असे म्हणून तो काढून टाकण्याची प्रथाही मोठी आहे. ती सोडून देण्याजोगी आहे. थर्मोस्टॅट काढला की हलक्या उतारावर इंजिन गरजेपेक्षा थंड राहून डिझेल अधिक खाते, आणि ज्या आराखड्यात थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो तेथे ती वाट कायमची उघडी राहिल्याने भर चढावर शीतकाचा एक हिस्सा रेडिएटरला वळसा घालून तापलेलाच परत येतो.

होजवर प्रत्यक्षात किती भार येतो याची कल्पना आली म्हणजे जोडांचे महत्त्व कळते. रेडिएटरचे झाकण शीतकाला वातावरणापेक्षा साधारण १ बार अधिक दाबाखाली ठेवते, कारण दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो: साधे पाणी उघड्या भांड्यात १०० अंशांना उकळते, तर १ बार अधिक दाबाखाली सुमारे १२० अंशांना. एथिलीन ग्लायकॉल आणि पाणी यांचे निम्मेनिम्मे मिश्रण तर त्याहूनही काही अंश वर जाते. मात्र हाच दाब प्रत्येक होजला त्याच्या तोंडावरून ढकलत असतो. ३८ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या होजवर १ बार दाबाने पडणारा जोर सुमारे ११ किलो वजनाएवढा असतो, म्हणजे वरच्या होजच्या टोकाला तापलेल्या अवस्थेत एवढे वजन कायमचे टांगलेले आहे असे समजावे. कारखान्यात तयार होणाऱ्या धातूच्या तोंडाला म्हणूनच टोकाशी एक उंचवटा, म्हणजे कडे, काढलेले असते. क्लिप त्या कड्याच्या मागे बसते आणि होज सरकू देत नाही. साधी कापलेली नळी घालून केलेला जोड, त्यावर क्लिप कितीही आवळली तरी, भरवशाचा नसतो.

गाडी बंद केल्यावर धोका संपत नाही, किंबहुना काही मिनिटे तो वाढतो. इंजिन थांबले की पंप आणि पंखा थांबतात, पण सिलिंडरांच्या धातूत साठलेली उष्णता आसपासच्या स्थिर शीतकात उतरत राहते आणि त्याचे तापमान व दाब दोन्ही चढतात. जयगड ते गुहागर तालुक्यातील तवसाळ ही गाड्या नेणारी फेरीबोट येथे विशेष लक्षात घ्यावी लागते, कारण निवळी फाट्यापासून भर उन्हात आलेली, बिछाना, शेगडी आणि पाण्याची टाकी यांनी जड झालेली व्हॅन जेटीच्या रांगेत येताच बंद केली जाते. इंजिन दोन-तीन मिनिटे मंद गतीवर चालू ठेवून मग बंद केले तर ही चढण बरीच टळते. फेरीच्या उतारावर चाकांनी उडवलेले खारे पाणी गाडीच्या पोटाला लागते, ही दुसरी गोष्ट. मालगुंड किंवा गणपतीपुळ्याच्या पुळणीजवळ मुक्काम केलेल्या गाडीला तर रात्रभर वाऱ्यासोबत मीठच मिळत असते. परतल्यावर गाडीचे पोट, विशेषतः नळ्यांचे जोड आणि आधाराचे क्लॅम्प, गोड्या पाण्याने धुणे हा खर्च नसलेला आणि सर्वांत गुणकारी उपाय आहे.

मीठ नेमके काय करते, हे येथे थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे. ॲल्युमिनियमवर हवेत आपोआप ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर तयार होतो आणि तोच खालच्या धातूचे रक्षण करतो. मिठातील क्लोराइड हा थर ठिकठिकाणी भेदतो आणि तेथे बारीक खड्डे पडू लागतात. होजची कड आणि धातू यांच्यामधील फट ही अशा गंजासाठी फार अनुकूल जागा असते, कारण तेथे शिरलेला ओलावा वाळत नाही, प्राणवायू कमी पोचतो, आणि फटीच्या आतला व बाहेरचा धातू यांच्यात सूक्ष्म विद्युत्प्रवाह सुरू होऊन आतला भाग झिजत जातो. झिजलेल्या ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापते, म्हणून ती होजला आतून उचलते. क्लिप बाहेरून कितीही आवळली तरी रबर आणि धातू यांच्यामध्ये भुकटीचा झिरपणारा थर राहतोच. पोलादी नळीवर हेच काम तांबडा गंज करतो. येथेच नव्या होजवर नवी क्लिप लावूनही गळती का परतते, याचे उत्तर मिळते.

रबराचेही आपले आयुष्य असते. शीतकाचे आधुनिक होज ईपीडीएम या कृत्रिम रबराचे, आत धाग्याचे जाळे घालून केलेले असतात. उष्णता आणि शीतक हे रबर उत्तम सोसते, पण तेलापुढे ते हात टेकते: इंजिनाच्या झाकणातून झिरपणारे तेल होजवर पडत राहिले की तो फुगतो व मऊ पडतो. दुसरा दोष अधिक फसवा आहे. इंजिन, रेडिएटर आणि शीतक मिळून एक दुबळी विद्युत्घट तयार होते, आणि तिच्या प्रभावाने होजच्या आतल्या भिंतीवर, टोकांपासून काही सेंटीमीटर अंतरावर, लांबीच्या दिशेने बारीक चिरा पडत जातात. त्या धाग्यापर्यंत पोचल्या की धागा शीतक शोषू लागतो आणि बाहेरून निरोगी दिसणारा होज एके दिवशी फुटतो. थंड गाडीवर होज टोकांजवळ बोटांनी दाबून पाहावा, आणि मधला भाग कडक पण टोकांशी मऊ, आत चर असल्यासारखा लागला तर त्याची वाट पाहू नये. गाडी जुनी असेल आणि होज कधी बदलले याची नोंद नसेल, तर सर्व होज एकदमच बदलणे स्वस्त पडते.

गळती शोधण्याची पद्धत सावकाश असावी. शीतक बाहेर येऊन वाळले की त्याचा हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी डाग मागे राहतो. पण जयगडसारख्या ठिकाणी ॲल्युमिनियमवर दिसणारी पांढरी पूड निव्वळ समुद्राच्या मिठाची असू शकते, म्हणून पांढरा डाग हा गळतीचा पुरावा मानू नये. ओल्या फडक्याने सर्व जोड पुसून, वाळवून, मग रेडिएटरच्या तोंडाला हातपंपाचा दाबमापक लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब द्यावा आणि काटा उतरतो का ते पाहावे. गॅरेजमध्ये हे साधन असते आणि त्याचा आग्रह धरावा. काही जोड गरम असताना कोरडे राहतात आणि पहाटे थंडीत गळतात, कारण धातू आणि रबर आकसल्याने क्लिपची पकड सैल होते. असे जोड थंड गाडीवरच सापडतात. पाणी उतरत उतरत पुष्कळ दूर जाऊन टपकते, तेव्हा थेंब जेथे पडतो तेथून नव्हे, तर ओलीचा सर्वांत वरचा बिंदू शोधून सुरुवात करावी.

प्रत्यक्ष काम गाडी पूर्ण थंड झाल्यावरच करावे. तापलेल्या गाडीचे झाकण उघडले की दाब अचानक उतरतो, १०० अंशांच्या वर असलेले शीतक क्षणात वाफ होते आणि चेहरा व हात भाजतात. ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट दरवर्षी माणसे भाजल्यावरच आठवते, म्हणून ती पुन्हा लिहिणे भाग आहे. शीतक रुंद तसराळ्यात काढून घ्यावे. एथिलीन ग्लायकॉल गोडसर असल्याने कुत्री-मांजरे ते चाटतात आणि थोड्या प्रमाणातही ते त्यांच्या मूत्रपिंडांना घातक ठरते. त्यामुळे ते उघड्यावर ठेवू नये आणि परसातल्या विहिरीजवळ, गटारात किंवा खाडीत ओतू नये.

जुना होज अनेक वर्षे बसून धातूला चिकटलेला असतो. तो पिळून किंवा पेचकस घुसवून उपटण्याच्या प्रयत्नात रेडिएटरचे तोंड वाकते किंवा थर्मोस्टॅटच्या घराची कड तुटते, आणि हे नुकसान होजच्या किमतीच्या कित्येक पट असते. जो होज टाकूनच द्यायचा आहे त्याला तोंडाच्या लांबीपुरता ब्लेडने उभा चिरावा, चीर धातूपर्यंत खोल जाऊ देऊ नये, आणि मग सालीसारखा उलगडून काढावा. आत दिसणारे तोंड हीच या सगळ्या कामातली निर्णायक वस्तू आहे. त्यावर पांढऱ्या भुकटीचे वलय दिसेल. ते आधी पितळी तारेच्या ब्रशने आणि मग बारीक काचकागदाने पूर्ण वर्तुळात, म्हणजे नळीच्या लांबीने नव्हे तर तिच्याभोवती, घासून काढावे, कारण लांबीच्या दिशेने पडलेला प्रत्येक ओरखडा शीतकाला बाहेर येण्याची वाट करून देतो. घासल्यावर नखाने चाचपावे. नखाला केवळ खरखर लागली तर तोंड वापरण्याजोगे आहे. नख अडकेल असे खड्डे असतील तर धातूची पूड मिसळलेले, उष्णता सोसणारे दोन घटकांचे इपॉक्सी लुकण भरून, पूर्ण वाळल्यावर गोलाई राखून घासावे. कड्याचा भागच खाल्ला गेला असेल किंवा भिंत कागदासारखी पातळ झाली असेल, तर लुकणाचा मोह टाळून तो भाग बदलावा.

पोलादी नळी आत-बाहेर दोन्हीकडून गंजते, आणि सर्वांत आधी ती आधाराच्या क्लॅम्पखाली सडते, कारण तेथे ओला चिखल अडकून राहतो. क्लॅम्प सोडून नळीवर हलकेच ठोकले असता आवाज बोदा येत असेल किंवा पेचकसाचे टोक आत रुतत असेल, तर गॅस वेल्डिंगने ठिगळ मारण्यात अर्थ नाही. ठिगळाच्या शेजारचा पातळ पत्रा पुढच्या पावसाळ्यात फुटतो. नवी नळी त्याच बाह्य व्यासाची करून घ्यावी आणि टोकांना कडे काढून घ्यावे. समुद्रकाठी ३१६ प्रतीचे स्टेनलेस ३०४ पेक्षा अधिक टिकते, कारण त्यातील मॉलिब्डेनम क्लोराइडला विरोध करते. घराच्या नळकामातील दोन वस्तू मात्र येथे वापरू नयेत, जरी त्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळत असल्या तरी: जस्त चढवलेल्या जीआय पाइपमधील जस्त शीतकाशी प्रतिक्रिया करून गाळ तयार करते आणि तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, तर गरम पाण्याचा सीपीव्हीसी पाइप घरगुती तापमानासाठी बनलेला असल्याने इंजिनाच्या तापमानाला व दाबाला मऊ पडतो. डिझेलची रबरी नळी किंवा बागेचा पाइपही शीतकासाठी चालत नाही.

नवा होज घेताना मूळ वळणाचा, साच्यातला होज मिळाला तर तोच घ्यावा. सरळ होज वाकवून बसवला की आतल्या बाजूने तो मोडतो आणि प्रवाह अडतो. सिलिकॉनचे निळे होज उष्णतेला उत्तम असले तरी त्यांच्या भिंतीतून पाण्याची वाफ हळूहळू निघून जाते, त्यामुळे पातळी अधिक वेळा पाहावी लागते, आणि भोकाभोकांच्या क्लिपा त्या मऊ भिंतीला कापतात. बसवण्यापूर्वी क्लिपा होजवर सरकवून ठेवाव्यात आणि धातूच्या तोंडाला तेल किंवा ग्रीस न लावता थोडे शीतकच लावावे, म्हणजे होज सहज सरकतो. क्लिप कड्याच्या मागे आणि होजच्या टोकापासून तीन-चार मिलिमीटर आत असावी. क्लिप निवडताना तिची पट्टी भोकांची नसून आतून गुळगुळीत आणि कडा वळवलेली आहे हे पाहावे, तसेच स्क्रूही स्टेनलेस आहे याची खात्री करावी. पुष्कळ स्वस्त क्लिपांत पट्टी स्टेनलेस आणि स्क्रू साध्या लोखंडाचा असतो, आणि खाऱ्या हवेत तो आधी जाम होतो.

जयगडच्या मच्छीमारी नौकांवर याबाबत शिकण्यासारखे पुष्कळ आहे. अनेक यांत्रिक नौकांची डिझेल इंजिने मुळात ट्रकच्याच घराण्यातील असतात, पण रेडिएटरऐवजी त्यांना उष्णताविनिमयक जोडलेला असतो: इंजिनात गोडे शीतक बंद वाटेने फिरते, समुद्राचे पाणी वेगळ्या नळ्यांतून त्याची उष्णता घेऊन पुन्हा समुद्रात जाते, आणि खाऱ्या पाण्याच्या बाजूला जस्ताचा एक तुकडा बसवलेला असतो, जो स्वतः झिजून इतर धातूंना वाचवतो. समुद्रात होज निसटला तर नौकेतच पाणी भरू शकते, म्हणून चांगल्या नौकेवर प्रत्येक होजला दोन क्लिपा, एकमेकींच्या उलट बाजूंना स्क्रू ठेवून, लावलेल्या असतात. ही पद्धत व्हॅनच्या पोटाखालच्या लांब नळ्यांच्या जोडांना तोंडाची लांबी पुरेशी असेल तेथे जशीच्या तशी उचलण्याजोगी आहे. तोंड आखूड असेल तर मात्र दुसरी क्लिप धातूच्या पलीकडे पोकळ रबरावर बसते आणि होजला कापते, म्हणून तेथे एकच बरी.

शीतक भरताना पाण्याची निवड महत्त्वाची ठरते. जांभ्याच्या जमिनीतील विहिरीचे पाणी बहुधा मृदू पण किंचित आम्लधर्मी असते, तर खाडीलगतच्या विहिरीत उन्हाळ्यात खारटपणा शिरतो. दोन्ही प्रकारचे पाणी धातूला अपायकारक आहे. त्यामुळे संहत कूलंटमध्ये बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर निम्मे मिसळावे किंवा तयार मिसळलेले कूलंट घ्यावे. कोकणात गोठण्याची भीती नसल्याने ग्लायकॉल कशाला, असा प्रश्न विचारला जातो. ग्लायकॉलची गरज येथे खरोखर कमी आहे, आणि निव्वळ पाणी त्याच्या मिश्रणापेक्षा उष्णता अधिक चांगली वाहते हेही खरे आहे. कूलंट घालायचे ते त्यातील गंजरोधक द्रव्यांसाठी, ज्यांच्यावाचून नुकतेच घासून स्वच्छ केलेले तोंड आतून पुन्हा खाल्ले जाईल. शीतकाचा रंग हा त्याच्या प्रकाराचा भरवसा देत नाही, म्हणून वेगवेगळ्या रसायनांची कूलंटे रंग पाहून एकमेकांत मिसळू नयेत.

लांब नळ्यांच्या गाडीत हवा अडकून राहते, आणि अडकलेल्या हवेचा बुडबुडा पंपापाशी आला की प्रवाह तुटतो. जयगडच्या उताराच्या रस्त्यांवर गाडी तोंड वर करून उभी करणे कठीण नाही. रेडिएटर पुढे असलेल्या व्हॅनसाठी हीच योग्य स्थिती आहे. हीटरची झडप उघडून, झाकण काढून, हवा सोडण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करून शीतक अगदी हळू ओतावे, इंजिन चालू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत, म्हणजे वरचा होज हाताला एकाएकी गरम लागेपर्यंत, पातळी भरत राहावे आणि मग झाकण लावावे.

घाटात होज फुटला तर करायच्या तात्पुरत्या उपायांबद्दल थोडक्यात सांगता येते. जयगडहून कोल्हापूरकडे निघालेली गाडी हातखंबा ओलांडून साखरप्याला पोचते आणि तेथून आंबा घाट चढू लागते. या चढावर वेग कमी, भार पूर्ण आणि समोरून येणारा वारा अपुरा असतो, म्हणून दुबळा होज बहुधा येथेच उत्तर देतो. गाडी बाजूला घेऊन किमान अर्धा तास थंड होऊ द्यावी, तापलेल्या इंजिनावर बाहेरून थंड पाणी ओतू नये, चिरलेला भाग पुसून कोरडा करावा आणि सायकलच्या ट्यूबची रुंद पट्टी ताणत ताणत, चिरेच्या दोन्ही बाजूंना चार बोटे पुढे जाईल इतकी गुंडाळून दोन क्लिपांनी आवळावी. झाकण पहिल्याच खाचेपर्यंत फिरवले तर दाब कमी राहतो आणि पट्टी टिकते, पण तेव्हा उत्कलनबिंदूही खाली येतो, म्हणून चढ पुढे न चढता उताराने साखरप्याकडे परतणे शहाणपणाचे असते.

दुरुस्तीनंतरची पहिली चाचणी सपाट रस्त्यावर होत नाही. जयगडहून चाफ्यामार्गे निवळीपर्यंतचा चढउताराचा रस्ता तिच्यासाठी पुरेसा आहे. गाडी परत आणून रात्रभर थंड होऊ द्यावी आणि सकाळी प्रत्येक क्लिप पुन्हा हलकी आवळावी, कारण नवे रबर पहिल्या तापण्या-निवण्यात दबते आणि पहिल्या दिवशीची पकड दुसऱ्या दिवशी तितकी राहत नाही. पुढील काही आठवडे थंड गाडीची पातळी टाकीवर खूण करून पाहावी. ती स्थिर राहिली तर काम झाले. सर्व जोड कोरडे असूनही ती उतरत असेल, आणि थंड इंजिन सुरू करताच वरचा होज ताठ होत असेल किंवा रेडिएटरच्या तोंडात अखंड बुडबुडे येत असतील, तर जळालेला वायू हेड गॅस्केटमधून, म्हणजे सिलिंडर आणि त्याचे झाकण यांच्यामधील पत्र्याच्या चकतीतून, शीतकात शिरत आहे असे समजावे, आणि नळ्यांचे काम तेथे थांबवून इंजिन उघडण्याची तयारी करावी.